जुना धातूचा स्नेअर ड्रम कसा ओळखावा आणि त्याची किंमत कशी ठरवावी

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवर जुने धातूचे स्नेअर ड्रम अजूनही अधूनमधून हाती लागतात. चर्चमधली वाद्यांची खोली, बंद पडलेल्या लग्नाच्या बँडच्या मालकाचा माळा, शाळेच्या कवायत पथकाचे कपाट आणि बोटीवर किंवा आखातात नोकरी करून परतलेल्या माणसाचे घर ही ते सापडण्याची नेहमीची ठिकाणे आहेत. १९९१ पूर्वी आयातीवर कडक बंधने असल्यामुळे परदेशी ड्रम दुकानातून सहज मिळत नसे. तो कोणीतरी सामानातून आणलेला असे, किंवा सैन्याच्या, संस्थानाच्या वा चर्चच्या मालकीतून फिरत आलेला असे. बँडवाले ज्याला साइड ड्रम म्हणतात तेच हे वाद्य (दोन्ही तोंडांवर ताणलेले पान, आणि खालच्या पानाला लागून तारा), आणि त्याला आज दोन टोकांच्या किमती ऐकू येतात: भंगारवाला ते पितळ म्हणून वजनावर मागतो, तर इंटरनेटवर तसाच दिसणारा एखादा ड्रम लाखाच्या घरात लावलेला असतो. खरी किंमत या दोहोंच्या दरम्यान शोधावी लागते, आणि शोधाचा क्रम माझ्या मते आधी धातू, मग बांधणी, मग सुटे भाग आणि सर्वांत शेवटी नाव असा असावा. बहुतेक लोक नावापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात, कारण बॅज म्हणजे कारखान्याच्या नावाची पट्टी काढून दुसरी बसवता येते, शेल म्हणजे ड्रमचे गोल अंग मात्र बदलले की ड्रमच बदलतो.

आधी काय करू नये

ड्रम घरात आला की तो लख्ख करण्याची सूचना हमखास येते. समई, तांब्या आणि घंगाळ आमसुलाच्या पाण्याने किंवा चिंचेने उजळवण्याची आपली पद्धत भांड्यांसाठी योग्यच आहे, पण ड्रमला ती मारक ठरते. क्रोमच्या मुलाम्याला बारीक भेगा असतील तर आम्ल त्यातून आत उतरते आणि खालचा धातू खाते. काळ्या निकेलचा मुलामा असलेल्या पितळी ड्रमवरचा काळा थर घासण्याने निघून जातो, आणि ज्या थरासाठी संग्राहक पैसे मोजतात तोच गेल्यावर उरते ते साधे पितळ. सैन्याच्या ड्रमवरची रंगवलेली चिन्हे तर एका पावडरीत पुसट होतात. याहून महत्त्वाचे म्हणजे धातूवर चढलेला काळपटपणा हा पुरावा असतो. जिथे एखादा भाग वर्षानुवर्षे बसवलेला होता, तिथे त्याच्या आकाराची उजळ सावली राहते, आणि आज तिथे दुसऱ्याच आकाराचा भाग दिसत असेल तर तो नंतर बसवला आहे हे त्या सावलीवरूनच कळते. घासल्यावर ही साक्ष कायमची जाते.

म्हणून पहिल्या दिवशी फक्त मऊ ब्रशने धूळ झाडावी, कोरड्या सुती फडक्याने पुसावे आणि दिवसाच्या उजेडात छायाचित्रे घ्यावीत: चारही बाजू, वरचे आणि खालचे पान, बॅज, तारा ताणण्याचा खटका म्हणजे स्ट्रेनर, त्याच्या समोरचा तारांचा दुसरा टोकाचा भाग, आणि अक्षर किंवा आकडा जिथे कुठे कोरलेला असेल ती प्रत्येक जागा. खोबरेल तेलही लावू नये. ते चमक आणते, पण धूळ धरून ठेवते.

यानंतर वरचे पान उतरवावे, कारण शेलाचा आतला भाग पाहिल्याशिवाय कोणताही निष्कर्ष पक्का होत नाही. टेन्शन रॉड म्हणजे पान ताणणारे लांब स्क्रू समोरासमोरच्या जोडीने अर्धा अर्धा फेरा सैल करावेत. गंजून घट्ट बसलेल्या रॉडवर जोर करू नये. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर थांबावे. रॉड ज्यांत फिरतात ते शेलावरचे तुकडे म्हणजे लग बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात आणि जुने झाल्यावर ते ठिसूळ होतात, त्यामुळे पक्कडीने पिळल्यास रॉड सुटण्याऐवजी लगच तडकण्याची शक्यता अधिक असते. निघालेले रॉड एका पुठ्ठ्यात भोके पाडून त्याच क्रमाने खोचून ठेवावेत. जनावराच्या कातड्याचे जुने पान असेल तर ते फाटके असले तरी टाकू नये. प्लास्टिकची पाने बाजारात आली ती १९५७ च्या सुमारास, आणि आमच्या दमट हवेत कातड्याचे पान ढिले पडत असल्याने बँडवाल्यांनी ती लवकरच स्वीकारली. म्हणून मूळ कातडे आणि त्याची आतली कडी शिल्लक असणे ही ड्रमच्या वयाची साक्ष ठरते.

धातू कोणता

जुन्या धातूच्या ड्रमचे शेल मुख्यतः पितळ, ॲल्युमिनियम किंवा पोलाद यांचे असते. तांब्याची आणि काशाची शेलेही असतात, पण ती आपल्याकडे क्वचित दिसतात. वरून सगळीच क्रोमची, चकचकीत आणि सारखी दिसतात. पहिली परीक्षा चुंबकाची. फुटक्या स्पीकरमधला चुंबक दोऱ्याला बांधून शेलाजवळ न्यावा. तो झेप घेऊन चिकटला तर शेल पोलादी आहे आणि बहुतेक वेळा ड्रम मध्यम किमतीचा आहे. मुळीच चिकटला नाही तर पितळ किंवा ॲल्युमिनियम. पुसटसा ओढला गेला तर घाईने पोलाद म्हणू नये, कारण निकेल हाही चुंबकाला प्रतिसाद देणारा धातू आहे आणि पितळावर निकेलचा थर असेल तर जोरदार चुंबकाला अशी किंचित ओढ जाणवू शकते. चुंबक रिमवर (पान दाबून धरणाऱ्या कड्यावर), लगवर किंवा तारांवर लावून निष्कर्ष काढू नये. पितळी ड्रमच्या रिमही अनेकदा पोलादी असतात.

दुसरी परीक्षा वजनाची. पितळाची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे साडेआठ ग्रॅम, पोलादाची सुमारे ७.८५ आणि ॲल्युमिनियमची २.७ असते. चौदा इंच व्यासाचे, पाच इंच खोलीचे आणि एक मिलिमीटर जाडीचे शेल घेतले तर हिशेबाने पितळाचे वजन सुमारे १२०० ग्रॅम, पोलादाचे सुमारे ११०० ग्रॅम आणि ॲल्युमिनियमचे चारशे ग्रॅमच्या आत येते. प्रत्यक्षातली जाडी थोडी वेगळी असते आणि दुमडलेल्या कडांचे वजन वर पडते, तरी पितळ आणि ॲल्युमिनियम यांतला फरक इतका मोठा आहे की मासळीबाजारातला लटकता काटासुद्धा तो दाखवतो. मात्र त्यासाठी लग, स्ट्रेनर आणि रिम काढून नुसते शेल तोलावे. सगळा ड्रम एकत्र तोलला तर जड रिम आणि लग हिशेब बिघडवतात.

तिसरी परीक्षा डोळ्यांची. एक लग आतून स्क्रू सोडवून उचलावा आणि त्याखालचे भोक पाहावे. भोकाच्या कडेला मुलामा नसतो, त्यामुळे तिथे धातूचा खरा रंग दिसतो: पितळ पिवळे, ॲल्युमिनियम राखाडी पांढरे, आणि पोलाद असेल तर किनाऱ्यावरच्या हवेत तिथे तांबूस गंज आलाच असेल. बाहेरून कानशीने खरवडून पाहण्याचा सल्ला काही दुकानदार देतात. तो मानू नये.

बांधणी आणि सुटे भाग

शेलाच्या आत बोट फिरवून उभा जोड लागतो का ते पाहावे. पत्रा गोल वळवून टोके जोडलेली असतील तर रेषा दिसते किंवा निदान बोटाला कळते. चकतीसारखा पत्रा साच्यावर फिरवत दाबून घडवलेले शेल बिनजोड असते, ते करायला कसब जास्त लागते आणि त्याला मानही जास्त आहे. शेलाच्या मध्यावर बाहेर फुगलेली एक आडवी पट्टी आहे, दोन आहेत की पाच-सात बारीक रेषा आहेत, हे मोजून लिहून ठेवावे, कारण कारखान्यांनी आपापली ओळख या पट्ट्यांतच ठेवली होती. ज्या दुमडलेल्या कडेवर पान टेकते ती काचेच्या सपाट टेबलावर उलटी ठेवून पाहावी. ड्रम कधी पडला असेल तर फट दिसते. खालच्या कडेला तारांसाठी समोरासमोर दोन हलके खोलगट भाग असतात. ते मुद्दाम केलेले असतात, पोचे समजून ठोकून सरळ करू नयेत.

लगांची संख्या, त्यांचा आकार आणि रॉडचा आटा म्हणजे स्क्रूचे पेच या गोष्टी सामान्य माणूस सोडून देतो, पण त्या फार बोलक्या असतात. अमेरिकी ड्रमांचे रॉड बहुधा १२-२४ या इंची आट्याचे, यामाहाचे पाच मिलिमीटर मेट्रिक, तर जुन्या ब्रिटिश ड्रमांचे त्यांच्या स्वतःच्या ब्रिटिश आट्याचे असतात. एखाद्या ड्रमचा बॅज अमेरिकी असेल आणि रॉड मेट्रिक असतील तर लग बदललेले आहेत किंवा बॅज खोटा आहे. कोणत्याही लेथवाल्याकडे आटा मोजण्याची पट्टी असते, त्याला दोन मिनिटे लागतात. सगळे रॉड एकाच लांबीचे आणि एकाच डोक्याचे आहेत का हेही त्याच वेळी पाहावे. नवे पान घेण्यापूर्वी शेलाचा व्यास कडेजवळ बाहेरून मोजावा. चौदा इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर, आधुनिक चौदा इंची पान सहज बसण्यासाठी शेल याहून किंचित लहान असावे लागते. काही जुन्या ब्रिटिश ड्रमांवर आजचे पान अडकते, आणि अशा ड्रमला पाने मिळवणे अवघड असल्याने त्याची किंमतही कमी होते.

शेलातली जादा भोके हा किमतीतला सर्वांत मोठा खड्डा आहे. बँडमधल्या माणसाला गळ्यात पट्टा अडकवायला कडी हवी असते, तो सरळ ड्रिल घेतो. मूळ भोके आतून एका रांगेत, एकाच मापाची आणि लगांच्या जोडीने येतात. वेगळ्या मापाचे, खरबरीत कडेचे भोक नंतरचे समजावे. मुख्य स्ट्रेनर बदलून दुसरा बसवताना पाडलेली भोके नव्या पट्टीखाली लपलेली असतात, म्हणून ती पट्टी उचलून पाहिल्याशिवाय ‘मूळ स्थितीत’ हे शब्द लिहू नयेत.

आता नाव

शिकागोच्या लडविग कंपनीचा ड्रम हाती आला तर बॅजवरून काळ बऱ्यापैकी बांधता येतो. कंपनी १९०९ मध्ये सुरू झाली, १९३० च्या आसपास तिची मालकी कॉन कंपनीकडे गेली, आणि विल्यम लडविग यांनी १९३७ मध्ये डब्ल्यूएफएल या आद्याक्षरांनी नवा कारखाना काढला. १९५५ मध्ये जुने नाव त्यांच्याकडे परत आले. त्यामुळे डब्ल्यूएफएलचा बॅज १९३७ नंतरचा. १९६० च्या दशकातला बॅज कमानीच्या माथ्यावरच्या दगडासारखा, वर रुंद आणि खाली निमुळता असतो. सत्तरच्या दशकात निळ्या आणि ऑलिव्ह रंगाचा बॅज आला. आणि बॅजवर मन्रो हे गाव असेल तर ड्रम १९८४ नंतरचा, कारण त्या वर्षी कारखाना नॉर्थ कॅरोलायनात गेला. अनुक्रमांक १९६३-६४ च्या सुमारास सुरू झाले. ते क्रमाने लावले गेले नाहीत, त्यामुळे क्रमांकावरून नेमके वर्ष सांगणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नये.

या कंपनीचा सुप्राफॉनिक हा ड्रम मुद्दाम सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण वर सांगितलेला क्रम त्यात पुरेपूर कामी येतो. साठच्या दशकाच्या आरंभी तो क्रोम चढवलेल्या पितळाचा होता. १९६३ च्या सुमारास शेल ॲल्युमिनियमचे झाले. दोन्हींचे शेल बिनजोड, दोन्हींच्या मध्यावर एकच पट्टी, दोन्हींना दहा लग, आणि चुंबक दोन्हींना चिकटत नाही. फरक वजनात आणि लगाखालच्या भोकात कळतो. बॅजवर अनुक्रमांक नसेल आणि शेल जड असेल तर पितळी असण्याचा संभव मोठा, आणि तसे ठरले तर किंमतही वरची. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्सचा रिंगो स्टार अमेरिकी दूरचित्रवाणीवर लडविगच्या ड्रमसंचावर बसलेला दिसला आणि कंपनीची मागणी एकदम वाढली. म्हणून त्यानंतरचे ॲल्युमिनियमचे ड्रम जगात विपुल आहेत. जुना असणे आणि दुर्मीळ असणे यांतला फरक इथे लक्षात घ्यावा.

त्याच ॲल्युमिनियम शेलावर क्रोमऐवजी ॲनोडाइज केलेला मळकट राखाडी थर आणि दहाऐवजी आठ लग असलेला ॲक्रोलाइट हा विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त ड्रम होता. गंमत अशी की आमच्या किनाऱ्यावर हा स्वस्त भाऊच जास्त टिकतो. त्याचे कारण पुढे मिठाच्या हवेच्या ओघात येईल.

इतर कारखान्यांविषयी थोडक्यात. रॉजर्सच्या डायनासॉनिक ड्रमचे शेल क्रोम चढवलेल्या पितळाचे असते. आधीच्या शेलांवर पाच रेषा, नंतरच्यांवर सात. त्याच्या तारा एका धातूच्या चौकटीत बसवलेल्या असतात, आणि ती चौकट हरवली असेल तर अर्धा ड्रम हरवला असेच धरावे. ग्रेचचा बॅज सत्तरच्या दशकाच्या आरंभापर्यंत गोल आणि नंतर अष्टकोनी होता. स्लिंगरलँडचे क्रोम चढवलेले पितळी ड्रमही चांगल्या किमतीचे असतात. इंग्लंडची प्रीमियर कंपनी १९२२ ची. तिचा लंडनचा कारखाना १९४० च्या बाँबवर्षावात गेल्यावर ती लेस्टरजवळ विगस्टनला गेली, आणि तिचे क्रोम इतके जाड व टिकाऊ असे की समुद्रकाठीही ते पुष्कळदा शाबूत मिळते. जपानी पर्ल १९४६ पासूनची; साठ-सत्तरच्या दशकांत जपानमधून निरनिराळ्या नावांनी पोलादी शेलाचे पुष्कळ ड्रम निर्यात झाले, ते वाजवायला ठीक, संग्रहाला सामान्य. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ड्रममधला धातू एकूण वजनाच्या दहा टक्क्यांवर मर्यादित केला होता, म्हणून १९४२ ते १९४५ मधला अमेरिकी धातूचा ड्रम असल्याचा दावा कोणी केला तर पुरावा मागावा.

बॅज नसेल तर निराश होऊ नये, आणि मेरठचा निघाला म्हणूनही नाही. मेरठच्या जाली कोठी भागात बँडची वाद्ये पिढ्यान्‌पिढ्या बनतात. नादिर अली आणि कंपनी तिथे १८८५ पासून आहे. तिकडच्या जुन्या पितळी ड्रमला परदेशी संग्राहक नसला तरी वाजवणारा आणि जपणारा माणूस आपल्याकडे मिळतो.

दोरीचे पितळी ड्रम

रॉडऐवजी दोरीने ताणलेला, चामड्याच्या सरकत्या पट्ट्यांचा, रुंद लाकडी कड्यांचा पितळी ड्रम मिळाला तर तो सैन्याच्या किंवा संस्थानाच्या बँडचा असण्याची शक्यता आहे. आमच्या भागातून पुष्कळ माणसे पलटणीत गेली, आणि सावंतवाडी व जंजिरा ही दोन्ही संस्थाने या किनाऱ्याचीच. अशा ड्रमची तारीख बॅजवरून ठरवायची नसते, ती रंगवलेल्या चिन्हावरून ठरते. राजाच्या आद्याक्षरांत ई आणि आर यांच्याबरोबर रोमन सात असेल तर काळ १९०१ ते १९१०. जी आणि आर यांच्याबरोबर रोमन पाच असेल तर १९१० ते १९३६. रोमन सहा असेल तर १९३६ नंतरचा. अशोकस्तंभाचे सिंह असतील तर ड्रम, किंवा निदान त्याचा रंग, १९५० नंतरचा. ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ हे नाव १९२२ च्या पुनर्रचनेनंतरचे आहे, आणि त्यातल्या मराठा शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग तेव्हा आजच्यापेक्षा वेगळे, दोन टींचे होते. आजच्या स्पेलिंगने रंगवलेला ड्रम ब्रिटिश काळातला म्हणून विकला जात असेल तर सावध व्हावे. पितळावर ठोकलेला तीन रेघांचा बाणाचा ठसा ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण होय.

पलटणी ड्रम पुन्हा पुन्हा रंगवत असत. म्हणून तिरप्या उजेडात वरच्या रंगाखाली जुन्या चिन्हाचे उंचवटे दिसतात का ते पाहावे. रंग उडालेला असला तरी नव्याने रंगवून घेऊ नये. गावातल्या कुशल पेंटरने कितीही देखणे काम केले तरी किंमत उतरतेच. या ड्रमचे मोल वाजवण्यात कमी आणि इतिहासात जास्त आहे, त्यामुळे तो घरात कसा आला, कोण कोणत्या पलटणीत होते, निवृत्तीचे कागद किंवा जुने छायाचित्र आहे का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आताच लिहून घ्यावे. कागद असलेला आणि नसलेला असे दोन सारखे ड्रम एका किमतीला जात नाहीत.

मिठाची हवा किमतीत कशी धरावी

कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि उरलेले महिने खारा वारा असतो. क्रोमचा थर फार पातळ असतो आणि त्याला नजरेला न दिसणारी छिद्रे असतात; त्यातून मीठ आणि ओल आत जातात. खाली ॲल्युमिनियम असेल तर पांढरी भुकटी तयार होते, ती फुगते आणि क्रोमला आतून उचलते, मग आधी टाचणीएवढे ठिपके, पुढे फोड आणि शेवटी पापुद्रे. सुप्राफॉनिकला हा रोग कोरड्या देशांतही होतो, इथे तो लवकर होतो. ॲक्रोलाइटवर क्रोमच नसल्याने उचलले जायला काही नाही; ॲनोडाइजचा थर ॲल्युमिनियमच्याच ऑक्साइडचा असतो, तो मळतो, डागाळतो, पण सुटत नाही. खाली पितळ असेल तर हिरवट डाग येतात, बहुधा स्क्रूभोवती, आणि ते वरवरचे असतात. पोलादाला मात्र तांबूस गंज लागतो, तो खोल जातो, आणि दुमडलेल्या कडेच्या आत असेल तर बाहेरून कळतही नाही.

किमतीच्या दृष्टीने मी असे धरतो. सुटे ठिपके, विशेषतः खालच्या अर्ध्या भागावर, ही वयाची खूण मानावी आणि थोडीच घट करावी. हाताला टोचणारे, सोललेले क्रोम असेल तर त्याच प्रकारच्या चांगल्या ड्रमच्या किमतीतून पाव ते तिसरा हिस्सा वजा करावा. कड वाकलेली असेल किंवा लगाच्या भोवती शेल तडकलेले असेल तर तो ड्रम सुट्या भागांच्या किमतीचा समजावा. पण सुटे भाग म्हणजे शून्य नव्हे. मूळ स्ट्रेनर, पूर्ण रिमजोड आणि दहा सारखे लग स्वतंत्रपणे विकले जातात, आणि कधीकधी त्यांची बेरीज मोडक्या ड्रमच्या एकत्रित किमतीहून अधिक होते. पुन्हा क्रोम करून घेणे हा उपाय सुचवला जाईल. मुंबई-पुण्यात ते काम चांगले होते, ड्रम झळकतो, आणि संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत कमी होते.

किंमत लिहिताना

अमेरिकी बाजारातले ढोबळ भाव ठाऊक असावेत, म्हणजे अंदाज वाहवत जात नाही. साठच्या दशकातला चांगला ॲक्रोलाइट साधारण २०० ते ४०० डॉलरच्या पट्ट्यात, त्याच काळातला ॲल्युमिनियमचा सुप्राफॉनिक ४०० ते ८०० च्या पट्ट्यात, आणि १९२० च्या दशकातला, काळ्या निकेलवर हाताने नक्षी कोरलेला लडविगचा ब्लॅक ब्यूटी काही हजार डॉलरला जातो. हे भाव बदलत असतात, म्हणून ज्या आठवड्यात विकायचे त्या आठवड्यात विक्री-संकेतस्थळांवर पुन्हा पाहावे, आणि पाहताना मागितलेली किंमत धरू नये, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नोंदी शोधाव्यात. कोणीही कितीही मागू शकतो. वर्षभर न विकलेल्या ड्रमची किंमत ही किंमतच नव्हे. ब्लॅक ब्यूटीच्या नावाने हुरळण्यापूर्वी हेही ध्यानात घ्यावे की कंपनीने तो सत्तरच्या दशकात पुन्हा काढला आणि तो आजही बनतो.

विकल्या गेलेल्या तीन-चार जुळत्या नोंदींची मधली किंमत घ्यावी, तिच्यातून गंज, बदललेले भाग आणि जादा भोके यांची घट करावी, आणि मग ग्राहक कुठला आहे त्यावरून पुढचा हिशेब करावा. परदेशी ग्राहकाला पाठवायचे तर विमानाचे कुरिअर, पॅकिंग आणि संकेतस्थळाचे कमिशन आपल्याकडून जाते. इथेच विकायचे तर मुंबईतला ड्रमर किंवा स्टुडिओवाला हा खरा ग्राहक. तो आवाजासाठी घेतो, त्याला दोन ठिपक्यांचे काही वाटत नाही, पण स्ट्रेनर सैल असेल तर लगेच किंमत पाडतो. म्हणून त्याला दाखवण्यापूर्वी नवी पाने आणि नव्या तारा घालाव्यात, जुने भाग पिशवीत भरून सोबत द्यावेत. धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानांत असे साहित्य मिळते, आणि फुर्ताडोज तर १८६५ पासूनचे आहे. दुकानदाराने दिलेला खरेदीचा भाव हा बाजारभावाच्या बराच खाली असणार, त्यात त्याचे भाडे आणि नफा आहे. तो ऐकून अपमान मानू नये, पण तीच किंमत आहे असेही समजू नये. गणपतीच्या आधीचे दोन महिने बँड आणि बेंजो पार्ट्यांची खरेदी जोरात असते, तेव्हा पोलादी किंवा मेरठचा साधा ड्रम चांगल्या भावाने जातो. संग्राह्य ड्रमला हंगाम नसतो.

शंभर वर्षे ओलांडलेल्या किंवा त्या उंबरठ्यावर असलेल्या ड्रमचा व्यवहार परदेशी ग्राहकाशी ठरवण्यापूर्वी १९७२ चा पुरावशेष आणि कलासंपदा कायदा लक्षात घ्यावा. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि १९२० च्या दशकातले ड्रम आता एकेक करून या मर्यादेत येऊ लागले आहेत. वस्तू पुरावशेष नाही असे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देते. त्यासाठी लागणारी छायाचित्रे, मापे, वजन आणि खुणांचे वर्णन वरच्या क्रमाने काम केले असेल तर आधीच तयार असते. पलटणीच्या किंवा संस्थानाच्या ड्रमसाठी हे प्रमाणपत्र आगाऊ रक्कम घेण्यापूर्वीच मागवावे, कारण ते नाकारले गेले तर ग्राहक देशातलाच शोधावा लागतो आणि किंमत त्याच्या ऐपतीप्रमाणे नव्याने ठरवावी लागते.